काटा वाचा, पाणी वाचवा

मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर आज बंगला भाड्याने द्यायचा म्हटले की जाहिरातीतले पहिले छायाचित्र बहुधा समुद्राचे नसते, स्विमिंग पूलचे असते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि आवास, सासवणे, किहीम, थळ, नागाव ही गावे मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आली. समुद्र पाच मिनिटांवर असला तरी पाहुण्यांची मुले सकाळी उठल्याबरोबर उतरतात ती बंगल्याच्या पूलमध्ये. केअरटेकर, स्वयंपाकीण, माळी, रिक्षावाला, मासळीवाली अशा अनेकांच्या घरात या पर्यटनाचा पैसा जातो. म्हणूनच बंगल्यामागच्या एका लहानशा खोलीकडे गावाने आणि मालकांनी गांभीर्याने बघायला हवे. त्या खोलीत एक पंप असतो, वाळूचा फिल्टर असतो आणि फिल्टरच्या डोक्यावर तळहातात मावेल एवढे प्रेशर गेज असते.

तक्रार नेहमीचीच असते. भिंतीतल्या जेटमधून पाणी जोराने येत नाही, तळ धूसर दिसू लागतो, पृष्ठभागावरचा पाचोळा जागचा हलत नाही. केअरटेकर मालकाला मुंबईला फोन लावतो आणि पलीकडून अनेकदा दोनपैकी एक हुकूम येतो: ‘बॅकवॉश मार’, नाहीतर ‘पूल रिकामा कर, टँकर मागव’. बॅकवॉश म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टरची वाळू धुणे आणि ते पाणी बाहेर टाकणे. दोन्ही उपायांत पाणी जाते. आणि प्रेशर कमी होण्याचे कारण फिल्टरच्या अलीकडे असेल, तर दोन्ही उपायांनी काहीच साधत नाही. दहा मिनिटांच्या तपासणीने सुटणाऱ्या दोषासाठी या किनाऱ्याने हजारो लिटर गोडे पाणी गमावू नये. त्यासाठी पंपाच्या खोलीत रोज वावरणाऱ्या माणसाला तो काटा वाचता आला पाहिजे, आणि वाचून निर्णय घेण्याचा अधिकारही त्याला असला पाहिजे.

आधी पाण्याचा हिशेब मांडू. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल असा मध्यम पूल घेतला तर त्यात ४१,६०० लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे चार टँकर ओतले तरी तो काठोकाठ भरत नाही. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला २७५ लिटर लागतात. एकदा रिकामा केलेला पूल म्हणजे अशा कुटुंबाचे सुमारे १५० दिवसांचे, म्हणजे पाच महिन्यांचे पाणी. ताशी दहा घनमीटर पाणी ढकलणाऱ्या पंपावर तीन मिनिटे बॅकवॉश केला की ५०० लिटर गटारात जातात. गरज नसताना आठवड्यातून चारदा बॅकवॉश झाला तर त्याच कुटुंबाचे आठवडाभराचे पाणी गेले.

पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून बराचसा समुद्राला मिळतो. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी खाली जातात आणि गावोगाव टँकरची वाट पाहिली जाते. अलिबाग तालुक्यातल्या अनेक गावांची तहान भागवणाऱ्या उमटे धरणातल्या गाळाचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. पूलसाठी आलेला टँकर आकाशातून भरत नाही. तोही कुठल्यातरी विहिरीतून किंवा बोअरमधूनच भरलेला असतो. समुद्राकाठी जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सच्छिद्र जमिनीसाठी भूजलशास्त्राचा ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी टिकून असते. वरचा मीटर उपसला की खालचा खारेपणा त्याच पटीत वर सरकू पाहतो. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. या किनाऱ्याच्या पूर्वजांना गोड्या पाण्याची किंमत ठाऊक होती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात, भरतीला चहूबाजूंनी समुद्र असताना, गोड्या पाण्याची पुष्करणी राखली गेली. मुरूडच्या जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत.

आता पूलच्या पाण्याचा रस्ता पाहू. पृष्ठभागावरचे पाणी भिंतीतल्या स्किमरच्या तोंडातून आणि तळाचे पाणी मेन ड्रेनमधून पंपाकडे ओढले जाते. पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते, तिच्यात केस आणि कचरा अडकतो. पुढे पंपातले फिरते चाक, म्हणजे इंपेलर, पाण्याला वेग देतो आणि ते फिल्टरच्या टाकीत ढकलतो. वाळूतून गाळून निघालेले पाणी जेटमधून परत पूलमध्ये येते. पंपाच्या अलीकडची बाजू ओढीची, पलीकडची दाबाची. गेज बसवलेले असते ते दाबाच्या बाजूला, फिल्टरवर. निदान करायचे ते एवढ्याच भूगोलावर.

जेटमधला जोर कमी झाला आणि गेजचा काटा नेहमीपेक्षा वर असेल, तर पाणी फिल्टरपर्यंत पोहोचते आहे पण वाळूतून पुढे जायला त्याला त्रास होतो आहे. वाळू तुंबली आहे; इथे बॅकवॉश हेच औषध. जोर कमी झाला आणि काटाही नेहमीपेक्षा खाली असेल, तर फिल्टरपर्यंत पुरेसे पाणी पोहोचतच नाही. अडथळा ओढीच्या बाजूला आहे, कुठून तरी हवा शिरते आहे, किंवा पंपच कमी ताकदीने फिरतो आहे. अशा वेळी कितीही बॅकवॉश केले तरी फायदा शून्य. उलट आधीच खाली गेलेली पूलची पातळी आणखी उतरते, स्किमर आणखी हवा ओढू लागतो आणि दोष वाढतो. एकाच तक्रारीची दोन विरुद्ध कारणे असतात आणि त्यांना वेगळे करणारी सर्वांत सोपी खूण म्हणजे काटा. तो न पाहता दिलेला हुकूम अंदाजपंचे असतो.

‘नेहमीपेक्षा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. वाळूच्या घरगुती फिल्टरचा स्वच्छ अवस्थेतला दाब साधारण १० ते २० पीएसआयच्या दरम्यान असतो, पण प्रत्येक पूलचा आकडा वेगळा. पाइपची लांबी, पंपाची ताकद, फिल्टरचा आकार यांवर तो ठरतो. एका बंगल्यात १२ हा निरोगी आकडा असेल, तर शेजारच्या बंगल्यात १२ म्हणजे काहीतरी बिघडले असेल. म्हणून नुकताच बॅकवॉश झाला आहे, जाळ्या साफ आहेत, पातळी बरोबर आहे, अशा वेळी गेजवर दिसणारा आकडा खोलीच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवायचा. त्या आकड्यापेक्षा काटा आठ-दहा पीएसआय वर गेला की बॅकवॉश. त्या आकड्यापेक्षा लक्षणीय खाली आला की फिल्टरला हात न लावता ओढीच्या बाजूचा शोध.

रोजच्या नोंदीची किंमत काय असते, याचे जगाने मानलेले उदाहरण अलिबागमध्येच आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने उपकरणांचे काटे हलणार, हे ध्यानात घेऊन वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवण्यात आले. नव्या जागेचे आकडे जुन्या आकड्यांशी जुळवता यावेत, म्हणून १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली. सुटा आकडा काही सांगत नाही, कालच्या आणि परवाच्या आकड्याशेजारी ठेवला की बोलतो, हे त्या वेधशाळेतल्या माणसांनी ओळखले होते. पंपाच्या खोलीत त्यासाठी एक वही, दोरीला बांधलेले पेन आणि सकाळची दोन मिनिटे एवढेच लागते.

काटा खाली असेल तर कुठून सुरुवात करायची? सर्वांत सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टीपासून.

पहिली पातळी. पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवे. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर वर सांगितलेल्या पूलमधून रोज १६० लिटर पाणी उडून जाते आणि आठवड्यात पातळी साडेतीन सेंटिमीटर उतरते. मुलांच्या उड्यांनी बाहेर पडणारे पाणी वेगळे. पातळी उतरली की स्किमर पाण्याबरोबर हवा गिळू लागतो. उपाय दोन-तीन तासांची नळी लावणे, चार टँकर नव्हे. पातळी बाष्पीभवनाच्या मानाने फारच भरभर उतरत असेल तर मात्र गळती शोधावी लागते.

दुसऱ्या जाळ्या. किहीम, नागाव, काशीदला पूलचा शत्रू सुरूचे झाड. त्याची सुईसारखी पाने वाऱ्याबरोबर येतात, स्किमरच्या जाळीत आडवी-उभी बसतात आणि त्यांचा असा थर होतो की वरून जाळी अर्धी रिकामी दिसावी आणि पाणी मात्र पुढे जाऊ नये. काही पाने जाळीतून निसटून थेट इंपेलरच्या खाचांत जाऊन बसतात. बोगनवेलीची फुले, नारळाच्या मोहोराचा चुरा, डोक्याचे केस, सनस्क्रीनचा चिकटा यांची त्यात भर पडते. पाहुण्यांचा गट गेल्याबरोबर दोन्ही जाळ्या काढून धुणे हा झाडलोटीइतकाच रोजचा भाग असायला हवा. पंपाची जाळी काढण्याआधी मोटर बंद करायची आणि पंप पूलच्या पातळीखाली असेल तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्हही बंद करायचे, नाहीतर झाकण उघडताच खोलीत पाणी भरते.

तिसरी हवा. शहाळ्यात घातलेल्या स्ट्रॉला मध्येच चीर गेली तर कितीही ओढले तरी पाणी नीट वर येत नाही, हवाच येते. ओढीच्या पाइपचे तसेच आहे. पंपाच्या जाळीवरच्या पारदर्शक झाकणातून आत पाहिले आणि पाणी फेसाळताना दिसले, किंवा जेटमधून सतत बुडबुडे आले, तर हवा शिरते आहे. सर्वांत संशयित जागा त्या झाकणाचीच रबरी रिंग. खाऱ्या हवेत आणि उन्हात ती कडक होते, तिला बारीक तडे जातात, किंवा तिच्याखाली वाळूचा कण राहतो. रिंग काढून पुसायची, सिलिकॉनचे ग्रीस लावायचे, फाटली असेल तर बदलायची. जोडांवर साबणाचा फेस लावला तर गळतीच्या जागी तो आत ओढला जातो. सफाई झाल्यावर व्हॅक्यूम पॉइंटचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहणे, हेही हवेचे नेहमीचे कारण. पंप हवा धरून बसला असेल तर जाळीचे भांडे पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून मगच मोटर सुरू करायची. कोरड्या पंपाचे सील जळते आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

चौथी वीज. रायगडच्या किनाऱ्यावर ही पायरी वगळता येत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले, श्रीवर्धन-मुरूडकडे खांब आणि तारा आडव्या झाल्या, अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. वादळानंतरच काय, पण कुठल्याही मोठ्या दुरुस्तीनंतर थ्री-फेज जोडणीत दोन फेजची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. आवाज येतो, पाणीही थोडे येते, पण दाब बसत नाही. मोटरवरच्या बाणाशी फिरण्याची दिशा ताडून पाहिली की उलगडा होतो. सिंगल-फेज मोटरचा कपॅसिटर कमजोर झाला किंवा व्होल्टेज पडले तर मोटर गुरगुरते, तापते, वेग घेत नाही. पूलच्या पाण्याशी वीज खेळते आहे, म्हणून ३० मिलिअँपिअरच्या वीजगळतीवर पुरवठा तोडणारे आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग असल्याशिवाय त्या खोलीत कोणी हात घालू नये. वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनचेच.

हे सारे ठीक असेल तर इंपेलर उघडून पाहायचा. पंपातून खडे फिरल्यासारखा खडखडाट येत असेल तर पाण्याची ओढ अडली आहे, किंवा काही अडकले आहे. जमिनीखालचा ओढीचा पाइप फुटला असेल तर मात्र कारागीर लागतो. पण तिथवर पोहोचण्याआधी वरच्या पायऱ्या चढलेल्या असाव्यात.

गेज स्वतः खोटे बोलू शकते, हेही लक्षात ठेवायला हवे. समुद्राच्या हवेत त्याच्या आतली यंत्रणा गंजते आणि काटा एका जागी अडकून बसतो. पंप बंद केल्यावर काटा शून्यापाशी येतो का, हे पाहिले की कळते. गेज ही फिल्टरच्या सामानातली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक, आणि मेलेल्या गेजवर वर्षानुवर्षे चाललेले पूल हीच या किनाऱ्यावरची सर्वांत टाळता येण्याजोगी उधळपट्टी.

काटा वर असेल तेव्हाचा बॅकवॉश नीट करणेही तितकेच गरजेचे. पंप बंद केल्याशिवाय फिल्टरवरच्या, पाण्याची दिशा बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा नाही, नाहीतर आतले गॅस्केट फाटते आणि पाणी गुपचूप बाहेरच्या पाइपने जात राहते. व्हॉल्व्हजवळच्या काचेच्या नळीतले पाणी स्वच्छ दिसले की थांबायचे, मग अर्धा मिनिट ‘रिन्स’ करायचे. बॅकवॉश करूनही काटा खाली येत नसेल तर वाळूत तेलाचा आणि क्षारांचा गठ्ठा झाला आहे. पाच ते सात वर्षांनी वाळू बदलावीच लागते. पूलच्या तळाशी जेटसमोर वाळू साठू लागली तर फिल्टरच्या आतली, गाळलेले पाणी गोळा करणारी फांदीसारखी नळी तुटली आहे. आणि बॅकवॉशचे पाणी वाडीतल्या विहिरीच्या दिशेने सोडणे तत्काळ बंद व्हायला हवे. त्यात क्लोरीन आणि घाण दोन्ही असते. शोषखड्डा वेगळा आणि विहिरीपासून लांब असलाच पाहिजे.

दाब वाढवायची एक पळवाट मात्र जिवावर बेतू शकते. स्किमर हवा ओढतो म्हणून तो बंद करायचा आणि सगळी ओढ तळाच्या मेन ड्रेनवर टाकायची. दाब लगेच वाढतो. पण एकच ड्रेन असेल आणि त्याची जाळी सपाट, तुटकी किंवा सैल असेल, तर त्या ओढीत लहान मुलाचे केस किंवा अंग अडकू शकते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर हिचा २००२ मध्ये हॉट टबच्या ड्रेनच्या ओढीत अडकून बुडून मृत्यू झाला. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. सार्वजनिक तलावांच्या ड्रेनवर केस-अंग न अडकणारी झाकणे त्यामुळे सक्तीची झाली. पोहणारे पाण्यात असताना व्हॉल्व्हशी प्रयोग करायचा नाही आणि तळाची जाळी तुटलेली असेल तर पूल बंद ठेवायचा, हा नियम कोणत्याही बुकिंगपेक्षा मोठा मानला पाहिजे.

दाब म्हणजे फक्त जेटची मौज, असे समजणाऱ्यांनी आणखी एक हिशेब पाहावा. ४१,६०० लिटर पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावे, असे धरले तर पंपाने ताशी सुमारे सात घनमीटर पाणी फिरवायला हवे. प्रवाह निम्म्यावर आला की त्याच कामाला बारा तास लागतात. शिवाय गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते, त्यामुळे एका फेरीत ६३ टक्क्यांच्या आसपासच पाणी प्रत्यक्ष फिल्टरमधून जाते. तीन फेऱ्यांनी ते ९५ टक्क्यांवर पोहोचते. फेऱ्या कमी पडल्या की क्लोरीन सगळीकडे सारखे पोहोचत नाही, कोपऱ्यांत शेवाळ धरते, तळ दिसेनासा होतो. तळ दिसत नसेल तर बुडणारे मूलही दिसत नाही. कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा वाढू शकतो; नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोहोचतो. २०२४ मध्ये केरळमध्ये अमिबाजन्य मेंदूज्वराने मुलांचे बळी घेतले. पुरेसे क्लोरीन आणि अखंड गाळण ही त्यावरची साधी, हाताशी असलेली ढाल आहे.

‘पैसे मालकाचे, टँकर मालकाचा, गावाने त्यात का पडावे?’ असा प्रश्न विचारला जातो. टँकरचे पैसे मालक देतो हे खरे, पण पाणी ज्या थरातून उपसले जाते तो थर सर्वांचा आहे. बंगल्याच्या बोअरचा परिणाम कुंपणापाशी थांबत नाही. ‘देखभालीचे कंत्राट दिले आहे’ हे दुसरे उत्तर. कंत्राटदाराचा माणूस आठवड्यातून एक-दोनदा फेरी मारतो. सुरूची पाने रोज पडतात आणि पातळी रोज उतरते. दोष ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवशी तिथे असतो तो केअरटेकर.

आणि हा केअरटेकर बहुधा अडाणी नसतो, हे मालकांनी ओळखले पाहिजे. चौल, रेवदंडा, आक्षी, नागावच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला पंप हवा का धरतो, विहीर उतरली की मोटरचा आवाज कसा बदलतो, फूटव्हॉल्व्ह कधी गळतो, हे कळते. एकेकाळी याच वाड्यांत रहाटाने पाणी काढून पाटाने झाडांपर्यंत नेले जाई. पुढे रहाट गेले, मोटरपंप आले आणि ते शिकण्यासाठी कोणी शहरात गेले नाही. पूलची यंत्रणा याच ज्ञानाचा पुढचा धडा आहे. तरीही मुंबईहून फोनवर निर्णय होतो आणि जागेवरच्या माणसाने फक्त दांडा फिरवायचा, अशी रीत पडली आहे. ही रीत बदलायला हवी. ज्याच्या हातात काटा आहे, त्याला शिक्षण, अधिकार आणि त्या कौशल्याचा वाढीव मोबदला, तिन्ही मिळाले पाहिजेत.

यासाठी मोठा निधी लागत नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये पंप, फिल्टर, पाण्याची चाचणी आणि विजेची सुरक्षितता एवढ्यापुरता अल्प मुदतीचा वर्ग सहज सुरू होऊ शकतो. बचत गटांतल्या ज्या स्त्रिया आज बंगल्यांची साफसफाई सांभाळतात, त्यांनाही त्यात जागा असावी. पर्यटन विभागाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत पूल असलेल्या घराची नोंदणी करताना चालू गेज, सुरक्षित तळजाळी, आरसीसीबी आणि रोजची नोंदवही या चार गोष्टी तपासाव्यात. ग्रामपंचायतींनी पूल असलेल्या मिळकतींची यादी करून एप्रिल-मे महिन्यांत पूल रिकामा करण्याआधी कारण लेखी कळवण्याची अट घालावी. खासगी टँकर भरणाऱ्या विहिरींची नोंद त्याच यादीला जोडता येईल. अलिबाग आणि मुरूडच्या दुकानांत झाकणाच्या रिंगा, गेज आणि जाळ्या कायम मिळाल्या, तर किरकोळ किमतीच्या वस्तूसाठी पूल आठवडाभर बंद पडणार नाही.

मालकांपुरते बोलायचे तर पहिले काम येत्या हंगामाआधीच होऊ शकते. पावसाळा सरला की पूल धुऊन-पुसून दिवाळीच्या पाहुण्यांसाठी तयार केले जातात. त्याच दिवशी जाळ्या साफ करून, वाळू एकदा व्यवस्थित बॅकवॉश करून, पातळी स्किमरच्या मध्यावर आणून गेजचा आकडा घ्यावा आणि तारखेसह भिंतीवर रंगवावा. शेजारी तपासणीचा क्रम मराठीत लिहावा: पातळी, जाळ्या, झाकण, व्हॉल्व्ह, वीज, इंपेलर. खाली वायरमनचा आणि पूल मिस्त्रीचा फोन नंबर. आणि केअरटेकरला स्पष्ट सांगावे, की काटा त्या आकड्याखाली असताना बॅकवॉशचा हुकूम कोणीही दिला, अगदी मालकाने दिला, तरी आधी या क्रमाने पाहायचे आणि मगच दांड्याला हात लावायचा.